तांबडी नळी

माझ्या आक्काची दोन मुलं दात येण्याच्या दिवसांत हगवणीने गेली. तिसऱ्याला दात यायला लागले आणि त्याचंही पोट बिघडलं, तेव्हा तिने मला ठाण्याला निरोप पाठवला की, तुझ्या त्या बाटल्यांचा आणि नळ्यांचा काही उपयोग असेल तर तो आता कर.

मी तेव्हा ठाण्याच्या दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट होतो. प्लेगची धामधूम ओसरल्यावर आमच्या गोऱ्या डॉक्टरसाहेबांना जंतूंचं वेड लागलं होतं आणि मागची औषधांची खोली रिकामी करून त्यांनी तिथे प्रयोगशाळा थाटली होती. प्रयोगशाळा म्हणजे रॉकेलच्या दिव्यावर चालणारी एक उबेची पेटी आणि फळीवर मांडलेल्या काचेच्या नळ्या. नळ्यांत भरायचा रस मी करायचो. मांस उकळून गाळलेलं पाणी, त्यात दुधापासून काढलेली साखर, लिटमसचा निळा रंग आणि किंचित कार्बॉलिक. ब्राह्मणाचा मुलगा रोज मांस शिजवतो हे टेंभी नाक्यावरच्या माझ्या घरमालकाला कळलं असतं, तर माझी वळकटी त्याच दिवशी रस्त्यावर आली असती.

कार्बॉलिकमुळे बहुतेक जंतू त्या रसात मान टाकतात. माणसांच्या आणि गुरांच्या आतड्यात राहणारा एक जंतू मात्र ढिम्म राहतो. तो साखर आंबवतो, निळा रस तांबडा होतो आणि आत उलट्या ठेवलेल्या बारीक नळीत वायूचा बुडबुडा धरतो. नळी तांबडी झाली म्हणजे अन्नात कुठूनतरी शेण नाहीतर विष्ठा पोचली, असा सरळ अर्थ. साहेब त्यासाठी फार सभ्य शब्द वापरत. मी वापरत नसे.

आक्का कल्याणला दिलेली. तिच्या सासूबाई कडक सोवळ्याच्या. दोन्ही नातवंडं मानपाड्याकडून येणाऱ्या आगरी दूधवालीने खाल्ली, असं त्या चारचौघांत बोलत. ती पाणी घालते, घाणेरड्या हाताने दूध काढते, तिची नजर वाईट आहे, एक ना दोन. दूध मात्र तिचंच घेत, कारण तेवढं दाट दूध दुसरं कुणी आणत नसे. मी गेलो त्या सकाळी दूधवाली ओट्याखाली उभी होती आणि सासूबाई वरून तिला सुनावत होत्या. माझ्या हातातली बाटली बघून ती एवढंच म्हणाली, "माजे दुदान काय नाय. तुमी बगा तपासून."

मी तिच्या चरवीतलं कच्चं दूध घेतलं, बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली आणि ठाण्याला आलो. दुसऱ्या दिवशी नळी तांबूस झालेली होती. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चोर सापडला होता. साहेबांनी मात्र पाइप झाडत सांगितलं की, गोठ्यातलं कच्चं दूध असंच असायचं, ते उकळल्यावर काय होतं ते बघ. आता उकळलेल्या दुधात काय असणार? पण साहेबांपुढे शहाणपण चालत नाही. पुढच्या खेपेला मी दोन बाटल्या नेल्या. एकीत चुलीवरच्या पातेल्यातलं, नुकतंच उतू गेलेलं दूध घेतलं. दुसरीत बाळाला पाजायच्या ऐन वेळी चांदीच्या वाटीतलं.

पातेल्यातल्या दुधाची नळी निळीच राहिली. वाटीतल्या दुधाची तांबडी झाली, कच्च्या दुधापेक्षाही आधी, आणि आतल्या बारीक नळीत बुडबुडा असा टच्च भरला होता की मी घाबरून हातातली नळी खाली ठेवली. दूध तेच, घर तेच, मध्ये फक्त पातेल्यापासून वाटीपर्यंतचं अंतर. मला वाटलं मीच काहीतरी घोळ घातला. सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं.

मी रजा टाकली आणि कल्याणला जाऊन स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मांडून बसलो. सासूबाई कुरकुरल्या, पण सुनेच्या भावाला ऊठ कसं म्हणणार? आक्काने पातेलं उतरवलं, दूध निवत ठेवलं, राखेने घासलेली आणि कढत पाण्याने विसळलेली वाटी भरली. तिथवर सगळं लख्ख होतं. मग वाटी देवापुढे गेली. सासूबाईंनी नैवेद्य दाखवला, तुळशीचं पान ठेवलं आणि तांब्यातलं पळीभर तीर्थ दुधात ओतलं. तीच वाटी घेऊन त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत दूध पाजलं. पहिल्या नातवापासूनचा नेम होता तो. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून.

तीर्थाचं पाणी कुठलं, असं मी विचारलं. घरात विहीर होती, पण विहिरीवर सगळ्यांचे पोहरे पडतात, म्हणून देवाला ते चालत नसे. सासूबाई रोज पहाटे तळ्यावर बुडी मारून ओलेत्याने, कुणाशी न बोलता, घागर भरून आणत. मी ते तळं बघून आलो. एका अंगाला म्हशी डुंबत होत्या. समोरच्या काठावर पहाटे अर्धं गाव लोटा घेऊन बसायचं. घरातलं सगळ्यात सोवळं पाणी ते, आणि त्याची नळी तर दिवस मावळायच्या आत तांबडी झाली असती.

मागच्या खेपेच्या नळ्या मी बरोबर आणल्याच होत्या. निळी आणि तांबडी शेजारी धरून मी सासूबाईंना सगळं सांगितलं, आणि रागाच्या भरात सभ्य शब्द शोधत बसलो नाही. आक्का भिंतीला टेकून खाली बसली. सासूबाई आधी माझ्यावर उखडल्या. तीर्थ आम्हीही घेतो, आम्हाला कसं काही होत नाही? मी म्हटलं, मोठ्यांची पोटं सोसतात, सहा महिन्यांच्या जिवाचं तसं नसतं. त्या माझ्या हातातल्या तांबड्या नळीकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "म्हणजे त्या दोघांनाही?"

मी होकारार्थी मान हलवली आणि तांबडी नळी फडक्यात गुंडाळली.

त्या रडल्या नाहीत. देवघरात गेल्या, तीर्थाचा तांब्या आणि पाण्याची घागर घेऊन आल्या, घागरीतलं पाणी पातेल्यात ओतून पातेलं चुलीवर ठेवलं. "उकळी किती वेळ राहू द्यायची?" असं मला पाठमोऱ्याच विचारलं. मी सांगितलं. तेवढा वेळ त्या जाळ सारत चुलीपुढून हलल्या नाहीत. पाणी निवल्यावर त्यांनी देव पुन्हा धुतले.

दूधवाली दुसऱ्या दिवशी आली तेव्हा सासूबाईंनी तिला ओट्यावर बसायला सांगितलं. ती बिचारी गोंधळली आणि उभीच राहिली. बाळाची हगवण पुढच्या काही दिवसांत थांबली आणि भाचा माझा धडधाकट वाढला. आता तो माझ्यापेक्षा उंच आहे आणि माझ्याइतकाच तापट. आजीचा त्याच्यावर फार जीव होता. पण त्या दिवसानंतर त्यांनी त्याला आपल्या हाताने कधी दूध पाजलं नाही. वेळ झाली की वाटी आक्काच्या हातात द्यायच्या आणि उठून आत जायच्या.