डाग्नीने भरवलेली वाळू

डाग्नी थोरुपला सुट्टी आवडत नसे. हे ती कुणाला सांगायची नाही, कारण सुट्टी न आवडणारं माणूस त्या गावात वेड्यात निघालं असतं. सुट्टी म्हणजे संशोधन केंद्राला कुलूप. मग डाग्नी नेहमीसारखी साडेसहाला उठायची, कॉफी प्यायची, टेबल पुसायची आणि दहा वाजता तेच टेबल पुन्हा पुसायची. नवरा, आयगिल, होता तेव्हा निदान तो ते टेबल खरकटं तरी करायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

केंद्रात ती एकतीस वर्षं मदतनीस होती. पहिली पंचवीस बाटल्या धुण्यात गेली, शेवटची सहा वाळूपाशी. समुद्र डेन्मार्कमधल्या युटलंडचा तो किनारा दरवर्षी वावभर तरी गिळतो, आणि वाळूची टेकाडं धरून ठेवायला सिमेंट ओतलं तर पक्षीही रुसतात आणि गवतही. म्हणून त्रोल्स नावाच्या तरुण संशोधकाने दुसरा उद्योग मांडला होता. किनाऱ्यावरची मोकळी वाळू पेटीत भरायची, तिच्यात मातीतले जिवाणू सोडायचे आणि त्यांना युरिया आणि कॅल्शियमचं पाणी पाजायचं. जिवाणू युरिया खातात, वाळूच्या कणाकणांमध्ये चुना धरतो आणि आठ-नऊ दिवसांत वाळूचा दगड होतो. भट्टी नाही, धूर नाही. वास मात्र असा सुटतो, की आयगिल तिला दारातच अडवायचा. म्हणायचा, "गोठा बाहेर ठेव, बायको आत येऊ दे."

पाणी पाजायचं काम डाग्नीचं. ती त्याला भरवणं म्हणायची, आणि तिचं ऐकून सगळेच तसं म्हणायला लागले होते.

एप्रिलअखेर ती निवृत्त होणार होती. पण ईस्टरनंतरच्या शुक्रवारी पालिकेची माणसं यायची होती. त्यांच्यासमोर मोठी पेटी दाबयंत्राखाली टिकली, तर गावाखालचा किनारा तीन वर्षं प्रयोगासाठी मिळणार होता, आणि त्रोल्सने शब्द दिला होता, "आठवड्याचे दोन दिवस तू यायचंस. तुझ्याशिवाय भरवणार कोण?" डाग्नी "बघू" म्हणाली होती. घरी जाऊन मात्र तिने त्या दोन दिवसांवर तीन वर्षांचे बेत रचले.

पेटी भरली बुधवारी. गुरुवारपासून पाच दिवस ईस्टरची सुट्टी. त्रोल्सने जाताना बजावलं, "एक दिवसाआड एकदाच. शुक्रवारी ये, रविवारी ये. बाकी आराम कर."

आराम करायला ती मुलीकडे जाणार होती. पण मेरेतेचा फोन आला, "आई, आम्ही यंदा सासूबाईंबरोबर स्पेनला चाललोय. तुझं तिथे चाललंय ना नीट?"

"माझं काय, माझी पेटी आहे," डाग्नी म्हणाली.

गुरुवारी ती नुसती बघायला म्हणून गेली. पेटी ठेवलेल्या शेडमध्ये पंप बंद उभा होता. तिने डबा उघडून काळ्या पावावर उकडलेलं अंडं ठेवून खाल्लं, आणि आपण खातोय आणि पेटी उपाशी, हे तिला बरं वाटेना. थोडं भरवलं. शुक्रवारी दोनदा भरवलं. शनिवारी भरवलं. ईस्टरच्या रविवारी घरात कोकराची एक लहानशी तंगडी भाजून, ताटात तशीच ठेवून, ती तीन वेळा शेडमध्ये जाऊन आली. तिथे निदान कुणाला तरी तिची गरज होती. प्रत्येक वेळी दारावरच्या तक्त्यावर वेळ लिहून खाली सही केली. लपवाछपवी तिच्या रक्तातच नव्हती.

सोमवारी पाणी आत जाईना. वाळूवर तळं साचून राहिलं. डाग्नीने वर बोट टेकवलं. कडक लागलं. नखाने टकटक केलं तर खणखण वाजलं.

काय झालं ते तिला कुणी सांगायला नको होतं. वरच्या जिवाणूंना इतकं मिळालं होतं, की त्यांनी पहिल्या चार बोटांतच सगळा चुना धरून दार लावून घेतलं. खाली काही पोचलंच नाही. वर दगड, आत भुसभुशीत वाळू. अति तिथे माती म्हणतात ते हेच.

आता गप्प बसलं तर? वरून पेटी झकास दिसत होती. शुक्रवारी यंत्राखाली ती फुटली असती, आणि त्रोल्सने चूक स्वतःच्या विद्येत शोधली असती. सहा वर्षं वाऱ्यावर गेली असती, पण डाग्नीकडे कुणी बोट दाखवलं नसतं. सांगितलं तर मात्र ज्या हातांवर त्याने दोन दिवस सोपवले होते, तेच हात उघडे पडणार. ती बराच वेळ त्या ओल्या दगडावर हात ठेवून बसली. मग घरी गेली आणि ओव्हन लावला.

केंद्रात रीतच होती. चुकला त्याने केक आणायचा, सगळ्यांचं तोंड गोड करायचं आणि मगच काय ते कबूल करायचं. डाग्नीने एकतीस वर्षांत दुसऱ्यांचे केक खाल्ले होते, स्वतः एकदाही आणला नव्हता.

मंगळवारी सकाळी चहाच्या खोलीत खोबऱ्याचा केक बघून विबेके ओरडलीच. ती शेजारच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि अशा केकांची वाटच बघत असायची.

"डाग्नी चुकली! अगं, कॅलेंडरवर खूण करा कुणीतरी! काय केलंस, बाटली फोडलीस?"

"आधी खा," डाग्नी म्हणाली.

इतक्यात त्रोल्स शेडमधून उड्या मारतच आला. "वाजवून आलो! पेटी घंटेसारखी वाजतेय! डाग्नी, जिंकलो आपण!" मग त्याला केक दिसला. "हा कुणाचा?"

"माझा. पेटी वरूनच वाजतेय, त्रोल्स. आत वाळू आहे. मी रोज भरवलं."

विबेकेचा घास तोंडातच राहिला.

"रोज?" त्रोल्स म्हणाला. "एक दिवसाआड म्हणालो होतो ना मी? माझी आजीसुद्धा पाहुण्यांना इतकं वाढत नाही गं!" तो रागाने शेडकडे गेला आणि दारावरचा तक्ता काढून घेऊन आला. उभ्याउभ्याच वाचायला लागला. गुरुवार, दहा. शुक्रवार, साडेनऊ आणि चार. शनिवार, बारा. रविवार, आठ, एक, सहा.

वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. रविवारच्या सहापाशी तो थांबला.

"डाग्नी, तू मेरेतेकडे जाणार होतीस ना?"

"ते स्पेनला गेले."

"मग सांगायचंस की. आमच्याकडे जेवायला आली असतीस."

"असं कसं सांगतात, त्रोल्स?" डाग्नी म्हणाली.

त्याने तिच्यासमोरच पालिकेला फोन लावला. पद्धत चुकलेली नाही, भरवण्यात गफलत झाली, पुन्हा संधी द्या. तिकडून संधी मिळाली, मे महिन्याच्या अखेरची. अट एकच होती, पुढच्या वेळी माणसाचा हात नको. त्रोल्सने फोन ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "घड्याळ लावलेला पंप आणावा लागेल."

"आण," डाग्नी म्हणाली. "तेच बरं."

जुनी पेटी फोडली तेव्हा आतली वाळू भसाभस जमिनीवर सांडली. वरची चार बोटं जाडीची लादी तेवढी अखंड निघाली. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी तिथल्या रीतीप्रमाणे छोटे झेंडे लावून डाग्नीला निरोप दिला. काय हवं विचारलं, तर तिने लादी मागितली. त्रोल्सने ती गाडीत घालून तिच्या मागच्या दारापाशी, आयगिलचे लाकडी बूट असायचे तिथे, ठेवून दिली.

मेअखेर विबेकेचा फोन आला. मागे हशा ऐकू येत होता. "डाग्नी, टिकली! यंत्र थकलं पण पेटी नाही! किनारा मिळाला गं!"

डाग्नीला खरंच आनंद झाला. "शाब्बास. केक कुणी आणला?"

"केक कसला? कोणी चुकलंच नाही. ते घड्याळ चुकतंच नाही."

फोन ठेवल्यावर डाग्नी मागच्या दारी जाऊन लादीवर बसली. आपण खरं सांगितलं म्हणून किनारा मिळाला आणि त्यातच आपली गरज संपली, हे तिला लख्ख कळलं होतं. तिने नखाने लादी वाजवून पाहिली. मग आत जाऊन टेबल पुसलं.