खिडकीकडचा उतार

मला पूल, म्हणजे स्टिकने बॉल पॉकेटात घालायचा खेळ, शिकवला माझ्या सख्ख्या दादाने. नवघरच्या ज्या बिल्डिंगमध्ये आम्ही खेळायचो ते पूल पार्लर आहे, तिथे पूर्वी मिठागर होतं आणि आमचे बाबा तिथे राबलेत. खालची जमीन आजही बसते. त्यामुळे तळमजल्यावरच्या त्या एकुलत्या एक टेबलावर बॉल हळू मारला की खिडकीकडे ओघळायचा.

"रंगीत बॉल कुनीपन घालतो," दादा म्हणायचा. "पांढरा कुठं थांबतो त्ये बघ."

स्टिकने फक्त पांढराच मारायचा; त्याच्या मधोमध ठोसा दिला की तो दुसऱ्या बॉलवर धडकून जागीच थांबतो. जरा वर मारला की पुढे जातो आणि खाली मारला की मागे येतो, पण मारताना स्टिक बॉलच्या आरपार गेली पाहिजे. मी कोपर उचलायचे, तेव्हा तो ते दाबून धरायचा. आणि प्रत्येक हळू शॉटला बजावायचा, "खिडकीच्या उलट, भिंतीकडं केसभर जास्त नेम धर. उतार हाय." माझा हात त्या उतारावरच तयार झाला. दुसरं टेबल मी पाहिलं नव्हतं.

पार्लरमध्ये स्पर्धा लागली. जिंकणारा पार्लरतर्फे मीरा रोडच्या मोठ्या स्पर्धेत खेळणार होता. मला जायचंच होतं. ऑफिस आणि स्वयंपाकघर यापलीकडे मला काही जमतं, हे एकदा मला बघायचं होतं. फायनलला आम्ही दोघंच उरलो, बहीण-भाऊ. मला तर आनंदच झाला.

रविवारी सकाळपासून माझा पांढरा भलतीकडेच थांबत होता. घाबरल्येय, दुसरं काय, असं मी स्वतःलाच समजावलं. तरी शेवटी दोघांचा फक्त काळा उरला, तो घालेल तो जिंकणार, आणि पाळी माझी होती. जोरात मारला तर पांढराही मागोमाग पॉकेटात जाणार आणि मी हरणार, म्हणून मी हळू मारला, भिंतीकडे केसभर जास्त धरून. पांढरा सरळ गेला. ओघळलाच नाही. काळा पॉकेटच्या तोंडाशी अडकला आणि दादाने तो अलगद आत ढकलला.

मी खाली वाकून पाहिलं. टेबलाच्या खिडकीकडच्या पायाखाली नवीकोरी प्लायची पट्टी होती.

"कल ही लेवल करवाया," पार्लरचे मालक म्हणाले. "आपके भाई शाम तक प्रॅक्टिस करके गये. बोले, आपको बता दिया है."

मी दादाकडे पाहिलं. तो जिंकलेला कप पुसत होता. "अगं, मीरा रोडला टेबल सपाटच असनार," तो म्हणाला. "तुला तिथं न्हाय जमलं असतं."

जमलं असतं की नाही, ते मी बघितलं असतं ना! परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. याने स्वतः शिकवलेल्या गोष्टीनेच माझा केसाने गळा कापला. घरी आई म्हणाली, "कप घरातच आला ना? मग रडतेस कशाला?" त्या रात्री मी जेवले नाही.

पुढच्या रविवारी दादा दारात उभा. "चल, मीरा रोडच्या आधी प्रॅक्टिस करू. समोर कुनीतरी लागतं."

गेले. त्याने बॉल मांडले आणि सवयीने म्हणाला, "टेबल सपाट हाय हां आता."

मी स्टिक खाली ठेवली आणि त्याच्यादेखत मालकांना विचारलं, "भाईसाब, आज टेबल कैसा है?"