मामांच्या रक्ताची ओळख

डास चावल्याचा गर्व वाटणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हा माझ्या पत्रिकेचा दोष. बाकीची माणसं तरुणपणी मारलेल्या कुस्त्या सांगतात, मामा तरुणपणी आलेले ताप सांगतात. मलकापुरात जीवशास्त्राचे मास्तर होण्याआधी नोकरीची पहिली काही वर्षं त्यांनी गडचिरोलीच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत काढली होती. तिथे त्यांना इतक्या वेळा मलेरिया झाला की पुढेपुढे डास म्हणे चावण्याआधी नमस्कार करत. थंडी भरली की खाट अशी हादरे की शेजारच्या खोलीतले हेडमास्तर भूकंप समजून अंगणात पळत. यातलं निम्मं खोटं धरा. उरलेल्या निम्म्यात मी थोडी भर घातली आहे, म्हणजे माप बरोबर होतं.

मामांसमोर ताप हा शब्द काढणं धोक्याचं. कापसाच्या जिनिंगमधला एक मुनीम एकदा सहज म्हणाला की अंग कणकण करतंय, तर मामांनी त्याला पायरीवर बसवून मलेरियाच्या जंतूचं समग्र चरित्र ऐकवलं. मुनिमाला साधी सर्दी होती, ती ऐकताऐकता बरी झाली. हे चरित्र मामा लग्नाच्या भाषेत सांगतात. जंतू म्हणजे बिनबोलावता जेवायला येणारा पाहुणा. डासाच्या सोंडेतून उतरतो तेव्हा त्याच्या अंगावर एका ठरावीक प्रथिनाचा कोट असतो. तो घालून तो तडक लिव्हर गाठतो, तिथे गुपचूप आपलं खानदान वाढवतो आणि सगळ्यांना घेऊन रक्तात शिरतो. रक्तातल्या तांबड्या पेशीत दडला तरी पेशीच्या अंगावर त्याचं प्रथिन डोकावतंच, आणि शरीर त्यावरून त्याला हुडकतं. पण हा पठ्ठ्या तेही प्रथिन बदलत राहतो. “एका पंगतीले निळा सदरा, दुसरीले पिवळा. वाढप्यानं ओळखलं तवरिक हा तिसऱ्या पंगतीत बसून बुंदी खाऊन राह्यला.” लसवाले त्याहून हुशार, ते त्याला एसटी स्टँडवरच धरायला बघतात, पहिल्या कोटावरून, मांडवात शिरायच्या आत. आफ्रिकेतल्या लेकरांना अशी लस मिळू लागल्याचं सांगताना मामांचे डोळे भरून येत, जणू बारशाला तेच गेले होते. तरीही प्रत्येक वेळी पाहुणा सापडतोच असं नाही, हेही ते प्रामाणिकपणे सांगत. मग हळूच छाती पुढे येई. “लस नवशिक्याले पाह्यजे, जावई. आपल्या रक्तानं त्याचे सारे सदरे पाह्यलेले हायेत.”

यात एक गोम होती आणि ती मामांनीच वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतली होती. ही ओळख येण्याजाण्यावर टिकते. जंतू बरीच वर्षं फिरकला नाही की रक्त त्याला विसरतं. आणि मलकापुरात तो मामांकडे फिरकणार कसा? त्यांनी टाक्यांत गप्पी मासे सोडले होते, गल्लीतल्या कुलरांचं पाणी ते मालकाला न विचारता ओतून देत. मामा वळणावर दिसले की बायका आधी हंडे झाकत. वंशच बुडवला म्हणा ना. पण नियम साऱ्या जगाला, मामांना सूट.

या पावसाळ्याच्या शेवटी आश्रमशाळेच्या जुन्या पोरांनी मेळावा ठेवला आणि गुरुजींना बोलावलं. मामींनी पिशवीत मच्छरदाणी घातली, मामांनी ती काढली.

“काऊन काढली?”

“तिथचे डास वळखतात मले.”

“तुमी म्हातारे झाले हे कोनं सांगतलं त्याहीले?”

मामा हसत गाडीत बसले, हारतुरे घेऊन हसत परत आले, आणि थोड्याच दिवसांत थंडी वाजून तापले. गाडीतल्या एसीचं गार लागलं, म्हणाले. रक्त तपासायला तयार होईनात. तो जंतू मेंदूत शिरला तर काय होतं, हे साऱ्या तालुक्याला सांगून झालेला माणूस तीन गोधड्यांखाली दात वाजवत पडला होता. मामींनी मला फोन करून बोलावून घेतलं. मी चिडलो, विनवण्या केल्या, प्रयोगशाळेच्या माणसाला घरी आणून उभं केलं. मामा भिंतीकडे तोंड करून बोलले.

“रिपोर्टात निघाला, तं मंग मायं रक्त त्याले विसरलं असं होईन नं. तिथचे दिवस अंगात हायेत असं वाटत होतं, जावई. तेबी गेले म्हना.”

सारा ताठा कसला होता ते मला तेव्हा कळलं. मामी खाटेच्या काठावर बसल्या. मामा जंगलात होते त्या काळात त्या सासू-सासऱ्यांपाशी मलकापुरात राहिल्या होत्या, आश्रमशाळेचं ते गाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“गेले तं जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “तुमी राहा. हात काढा बाहीर.”

मामांनी हात बाहेर काढला. मलेरियाच निघाला, तोही मेंदूत शिरणारा. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, वेळेवर झाल्या म्हणून निभावलं.

मध्यंतरी भेटायला गेलो तेव्हा मामा अंगणातल्या बाकावर शाल घेऊन बसले होते. त्यांना खुलवावं म्हणून मी मुद्दाम विचारलं की लिव्हरमधून बाहेर पडल्यावर तो नेमकं काय करतो. मामा नुसते हसले. मेळाव्याचं सांगू लागले.

“एकाबी पोराले वळखलं नाही मी. कोनाचं टक्कल, कोनाचं पोट सुटलेलं. नाव सांगे तवा तिसरीतला चेहरा दिसे.” मग म्हणाले, “इतक्या वर्षांत एकडावबी गेलो नाही. आता दरसाल जाईन. एका भेटीत कुठं वळख होते.”

मामी दुधाचा पेला घेऊन बाहेर आल्या होत्या. “पुढच्या साली मीबी येईन,” त्या म्हणाल्या. “मले दाखवा तं खरं, कोनतं गाव होतं ते.”

मामांनी शाल आवरली आणि बाकावर जरा सरकून बसले, मामींपुरती जागा झाली.