अळूची ती पानं कोणी आणली

वसुधा गेल्याचं तिच्या सुनेने मला सकाळी फोनवर सांगितलं. "झोपेतच गेल्या, काकू," एवढंच ती म्हणाली. नील, ईरा, तुम्हा दोघांना मी त्याच दिवशी कळवलं. नीलने चार चांगल्या ओळी लिहिल्या. ईरा, तुझं उत्तर आलं, "सो सॉरी, आजी. त्याच ना, ज्यांनी जंगलातली पानं अळू समजून सगळ्यांना खायला घातली होती?" ते वाचून मला तुझा राग आला नाही. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, आणि ही गोष्ट तुला कोणी या रूपात सांगितली असेल ते मला ठाऊक आहे. राग आला तो त्याचाच, आणि तो अजून गेलेला नाही. म्हणून त्या दिवशीच्या निरोपाला ही पुरवणी पाठवते आहे. मराठी वाचायला शिकवलं होतं ते अशाच वेळेसाठी.

पुढच्या शनिवारी रेडमंडच्या कम्युनिटी हॉलमध्ये शोकसभा झाली. बाहेर नेहमीचा पाऊस. लोक तिच्या मोदकांबद्दल बोलले, तिने नातवंडं कशी सांभाळली त्याबद्दल बोलले. ती आयुष्यभर साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती, हे एकाही वक्त्याला आठवलं नाही. मग श्रीरंग उठला. माणूस मदतीचा आहे, कोणाला विमानतळावरून आणायचं असलं की पहिली गाडी त्याची निघते. पण माइक हातात आला की त्याला लोकांना हसवल्याशिवाय राहवत नाही. त्याने अळूवडीची गोष्ट रंगवून सांगितली. वसुधामावशींनी रानातल्या ट्रेलवरून पानं आणली, वड्या केल्या, आणि मंडळाच्या अर्ध्या लोकांच्या जिभा सुजल्या. सगळा हॉल हसला. फोटोतल्या वसुधाच्या गळ्यात हार होता आणि हॉल हसत होता.

मी उभी राहिले. म्हटलं, "श्रीरंग, ती पानं तू आणली होतीस."

"अहो मावशी, किती जुनी गोष्ट. कोणी का आणली असेनात, आता काय फरक पडतो? लोकांचा मूड जरा लाइट झाला. त्या असत्या तर त्यासुद्धा हसल्या असत्या."

"हसली नसती. तिने तुला मध्येच थांबवून दुरुस्त केलं असतं."

कोणीतरी माझा हात धरून मला बसवलं आणि चहा आला. आपल्या लोकांत चहा आला की विषय संपतो.

मला तो संपवायचा नाही. वसुधा इथे अमेरिकेत आली ती मुलाच्या बाळासाठी, तुमच्यासाठी मी तुमच्या बाबांकडे आले होते तशीच... फरक इतकाच की मी आल्याबरोबर कपाटं लावायला घेतली आणि ती बाहेर पडली. अनोळखी झाडांत तिला चैन पडत नव्हतं. "घराणी ओळखीची आहेत गं, माणसं नवीन आहेत," म्हणायची. लायब्ररीतून तिने इथल्या रानफुलांची ओळखपुस्तकं आणली. एक संपलं की दुसरं. बहुतेक पुस्तकं फुलांच्या रंगावर लावलेली, पिवळ्यांचा भाग वेगळा, पांढऱ्यांचा वेगळा. तिला ते मुळीच पटायचं नाही. "फूल वर्षातून तीन आठवडे. बाकीच्या दिवसांत काय करायचं? माणसाला काय फक्त लग्नातल्या शालूत ओळखायचं?" ती पानं बघायची, पानांच्या शिरा, देठ, खोडावरची लव. पावसात, सलवार-कमीज आणि सुनेचे जुने बूट घालून. एकदा बसस्टॉपमागच्या मोकळ्या जागेत तिने मला ओढत नेलं आणि खाली बसून म्हणाली, "मालती, हा बघ चाकवत. खरा चाकवत. व्हिसाबिसा काही न घेता आलाय." रात्री आम्ही त्याची ताकातली भाजी केली. तुमचे बाबा दोनदा घेऊन जेवले.

आता ती वडी. गणपतीचं एकत्र जेवण श्रीरंगच्या घरी होतं. त्याच्या घरामागे ट्रेलच्या कडेला दलदल आहे, आणि तिथे ही पानं वाढतात, हातभर लांब, गर्द हिरवी. इथले लोक त्यांना स्कंक कॅबेज म्हणतात. वसंतात त्यांना पिवळं फूल येतं, पण गणपतीत ते कुठलं असणार? श्रीरंगने पुस्तक उघडलं होतं म्हणे. फुलांच्या फोटोंत त्याला काही जुळलं नाही, आणि पुस्तकात नाही म्हणजे अळूच, असं त्याने ठरवलं. पानं जराशी खाजरी लागली तर चिंच जास्त घालू, असंही ठरवलं. यातलं कोणालाच वावगं वाटलं नाही, कारण आपण सगळे लहानपणापासून तेच करत आलो आहोत. वसुधा उशिरा आली. हात धुवायला सिंकपाशी गेली तर तिथे उरलेली पानं होती. तिने एक पान उलटं केलं. अळूचा देठ कडेला जुळत नाही, आत, पानाच्या पाठीला जुळतो. याचा कडेला होता. ती धावत बाहेर आली. तोवर श्रीरंगसकट तिघांनी वड्या चाखल्या होत्या आणि त्यांच्या जिभेला टाचण्या टोचाव्यात तशी आग सुटली होती. अर्धं मंडळ नाही, तिघं. चौथी वडी, ईरा, तुझ्या हातात होती, तोंडापाशी. वसुधाने फटका मारून ती उडवली. तू भोकाड पसरलंस. तुझी आई तिच्यावर रागावली, मग पाच मिनिटांनी तिच्या गळ्यात पडली. तुला आठवत असेल तर फटका आठवत असेल.

पुढच्याच आठवड्यात वसुधा ते पान घेऊन इथल्या निसर्गकेंद्रात गेली. मी सोबत होते. तिथल्या बाई सौजन्याने बोलल्या, पण त्यांना प्रश्नच कळेना. "ते पान खायचा विचार तरी कोण करेल?" त्या म्हणाल्या.

"आम्ही," वसुधा म्हणाली. "चिंच घालून."

घरी येताना बसमध्ये ती ते पान उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "पुस्तकं बरोबर आहेत, मालती. ती ज्यांच्यासाठी लिहिलीत ते लोक या चुका करणारच नाहीत. आपल्या चुका आपल्यालाच लिहाव्या लागतील." आणि तिने लिहिल्या. दर उन्हाळ्यात मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांसाठी मराठीत काही पानं, प्रत्येकावर तिने काढलेली चित्रं, लायब्ररीत छापून, प्लास्टिकमध्ये घालून, दोऱ्याने ओवलेली. आपल्यासारखी दिसणारी झाडं एका बाजूला, खरोखर आपली असलेली दुसऱ्या बाजूला. पानं गाजराची वाटतात, पण गुळगुळीत खोडावर जांभळे डाग आहेत, तर हातसुद्धा लावू नका. सगळ्यांत वर अळू. फुलाचा रंग कुठेही नाही. पैसे तिने घेतले नाहीत, आणि धन्यवादही फारसे कोणी दिले नाहीत.

गोष्ट उलटली कशी, ते मी पाहिलं आहे. पहिली एकदोन वर्षं "श्रीरंगची पानं" म्हणत. मग "कोणीतरी आणलेली पानं". गुडघ्यांमुळे वसुधाचं मंडळात येणं बंद झालं आणि रानातली पानं म्हटल्यावर लोकांना तीच आठवू लागली. ती समोर असताना कोणाची छाती झाली नव्हती. ज्या बाईने जन्मभर झाडं ओळखली, तिच्या नावावर झाड न ओळखण्याची चूक लागली, आणि तिला त्याची गंमत वाटली असती असं मला सांगण्यात येतं.

मागच्या महिन्यात श्रीरंगच्या सासूबाई नागपूरहून आल्या. त्याच्या बायकोने मला चहाला बोलावलं. जावं की न जावं असा विचार करून गेले. सासूबाईंच्या हातात वसुधाची ती पानं होती, कडा चुरगळलेल्या. त्या कौतुकाने उलटसुलट करत होत्या. "बाई मोठी पक्की दिसते हो. पण हा कोण?" आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "'एका हौशी गृहस्थांनी ही पानं अळू म्हणून आणली होती. त्यांना बोल लावू नये, देठ पाहावा.' कोण हो हा बावळट?"

वसुधाने नाव घातलं नव्हतं. त्याची लाज राखली आणि तिथे रिकामी जागा राहिली. बिस्किटांची बशी श्रीरंगसमोर होती, तो त्यातलं एक बिस्कीट नुसतं फिरवत होता.

"मी," तो म्हणाला.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही, श्रीरंगराव?"

"मीच आणली. वसुधामावशींनी फेकून दिली."

"मग लिहा की इथे. वाचणाऱ्याला कळायला नको?"

त्याने उठून जाड काळा मार्कर आणला आणि गृहस्थ या शब्दावर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवरही दोन ओळी टाकल्या. त्यांच्याखाली लोकांनी हसरे चेहरे टाकलेत... ते मी नीट मोजून दुर्लक्षित केले आहेत.

ती पानं आता त्यांच्या दारामागे, छत्र्यांच्या खुंटीला दोऱ्याने टांगलेली असतात. सासूबाई फिरायला निघताना ती गळ्यात अडकवतात. परवा मी बसमधून त्यांना पाहिलं. ट्रेलच्या कडेला, एका हाताने साडी सावरत, त्या वाकून एक मोठं पान उलटं करत होत्या.