मी कळवलेलं मरण

नवरा गेला, बहीण गेली. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. आज पहिल्यांदा तुम्हाला सांगते आहे — आणि सांगतानाही मधूनच उठून जावंसं वाटतं.

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले, तेव्हाची गोष्ट. खामगावला मुलींच्या शाळेत मी शिकवत होते. माझ्या वर्गातल्या चंद्रीची आई जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, मजुरीला. सकाळभर चंद्रीही तिच्या हाताखाली. तिथून थेट शाळेत यायची — केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुई. अकरा वर्षांची पोर म्हातारीसारखी पांढरी दिसे. पण ती वाचायला लागली की वर्ग गप्प होई.

एकदा अमरावतीहून तपासणीस बाई आल्या. वाचन ऐकून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुला अमरावतीच्या शाळेत बोलावून घेईन. तिथंच राहायचं, शिकायचं, मास्तरीण व्हायचं." महिन्याभरात पत्र आलं — मुलीला पाठवा.

तिच्यामागचा नंबर माझ्या बहिणीच्या मुलीचा, वत्सलेचा. जागा एकच. वत्सलाही बिनबापाची होती, हे सांगू का तुम्हाला? नको. त्या साली तापाची साथ होती, रोज कुणी ना कुणी जात होतं. मी उत्तर लिहिलं — चंद्री तापाने वारली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

वत्सला गेली, शिकली, पुढे मास्तरीण झाली. चंद्रीचं नाव मी पटावरून काढलं. तिच्या आईला म्हटलं, वाचता येतंय तेवढं पुरे.

वर्षाने तपासणीस बाई पुन्हा आल्या. भर दुपारी दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं — नखशिखांत पांढरं. बोलावणं का आलं नाही, हे विचारायला चंद्री आली होती.

बाईंचा चेहरा उतरला. "ती मुलगी तर वारली ना?" त्यांनी मला विचारलं. मुली खाली बघत राहिल्या.

चंद्रीने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "हाव, चंद्री मेली. मी तिची बहीन."

आणि गेली. तिने मला वाचवलं — की दुसरंच काही केलं?

पंधरा दिवसांनी तिची आई आली. "चंद्री म्हून हाक देली तं ओ देत नाही, बाई. म्हन्ते, ते तं मेली. तुमी शिकेल मानूस, काय करू सांगा."

खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "बाधा झाली असेल. भगताला दाखव."

मलाही तिने सोबत नेलं. भगताच्या खोलीत मिरच्यांची धुरी. चंद्रीला मधोमध बसवलेलं, खोकून खोकून वाकलेली. भगत तिचे केस धरून विचारत होता, "कोन हायेस तू? नाव सांग."

"बाईले इचारा," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे वळले. मी नाकाला पदर लावला. "मला काय माहीत?" म्हणाले — आणि बाहेर पडले. आत तो पुन्हा तेच विचारत होता.

त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही, जिनातच कामाला राहिली, असं कानावर आलं. मी जिनाच्या गल्लीने परत गेले नाही.