फोनवर पारखलेलं नाव
कपाट आवरताना जुना बिल्ला हाती आला आणि त्यावरचं 'रीना' वाचून आजही डोकं तापलं. लोणावळ्याच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनवर लागले, तेव्हा पाहुण्यांना माझं नाव जड जातं म्हणून मॅनेजरनं हे परस्पर चिकटवलं होतं. लेकीच्या वेळी सातव्या महिन्यात मला एकच घोर लागला, मुलगी झाली तर तिचं नाव कुठल्याच ऑफिसात कुणाला बदलावंसं वाटू नये. मग फोन उचलला की मी एकेक नाव माझंच म्हणून सांगायचे आणि पलीकडचा 'कोण?' विचारतो का, तिकडे कान लावायचे. 'वैदेही' दोनदा सांगावं लागलं, तिथंच गळालं. एका नावाला मात्र आठवडाभर कुणी अडखळलं नाही. आंदर मावळातून बारशाला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "लेकराचं नाव ठिवतीस का हापिसाची पाटी रंगवतीस गं?" तरी नणंदेनं बाळाच्या कानात तेच सांगितलं. आत्ता शेजारच्या खोलीत लेकीची परदेशातल्या साहेबांशी मीटिंग चालू आहे. ती त्यांना सांगते आहे ते नाव मी ठेवलेलं नाही. त्यांना सोपं पडावं म्हणून तिनंच ते घेतलंय. बिल्ला हातात धरून मी मघापासून नुसती आत-बाहेर करते आहे.