भिंतीकडची जागा

टावर चौकातल्या चहाच्या ठेल्यावर एक गृहस्थ मला रोज सकाळी भेटत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. दफनभूमीत कोणाला कुठे जागा द्यायची, हे चर्चच्या वतीने तेच बघत. बोलताना प्रत्येक मुद्द्याला बोटाने बाकावर ठोका देत.

त्यांचा एक वाद कायमचा होता. पाद्री म्हणत, देवाचा मूळ गुण प्रेम. हे म्हणत, "नाही साहेब. पहिला न्याय, प्रेम बाद में. नुसत्या प्रेमाने पार्सलसुद्धा ठिकाणावर पोचत नाही."

कापड गिरणी बंद पडली त्या वर्षी तिथल्या एका ख्रिस्ती कामगाराने जीव दिला. अशांना बाकीच्यांपासून दूर, मागच्या भिंतीला लागून पुरायची रीत होती. चर्चच्या पंचांनी तेच सांगितलं. पाद्रींनी त्यांना अडवलं नाही. कामगाराची आई फाटकापाशी उभी होती.

यांनी मधल्या रांगेत, बायकोच्या कबरीशेजारी स्वतःसाठी राखलेली जागा खणायला लावली. पंचांना म्हणाले, "जागा माझी आहे. तिथे कोण झोपणार ते मी ठरवीन."

दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी भिंतीकडे. तिथे भरपूर जागा आहे."

"म्हणजे पाद्रींचंच खरं. प्रेम पहिलं."

"छे हो. मी न्यायच केला." बाकावर ठोका पडला.

"आणि बायको?"

"तिला सांगून आलो. ती काही म्हणायची नाही. ती पहिल्यापासून प्रेमवाल्या पार्टीतली."